काल बिघडलेला दिवा

चंद्रावरच्या वस्तीत उतरणतळाचा दिवा लख्ख जळत होता, तरी दिवा दिसणार नाही इतक्या उंचावर घिरट्या घालणारं यान रेडिओवर म्हणत होतं, "दिवा बंद आहे, आम्ही परत फिरतो." असं कसं? बरं, त्या यानात बकुळची आई होती.

बकुळची नजर मात्र खुर्चीवर खिळलेली. रेडिओपाशी, शास्त्रज्ञ आजोबांच्या, तिच्या आबांच्या शेजारी, आजवर तीच बसायची. मग आला बंबासारख्या पोटाचा यंत्रमानव बंबू, आणि बसला तिच्या जागी. आबा त्याला "बाळा" म्हणाले, की हिचा नुसता जळफळाट व्हायचा.

"काय कळवलंस, बाळा?" आबांनी बंबूला विचारलं.

"तुम्हीच म्हणालात, काल दिवा बिघडलाय, कळव. मी कळवलं, 'द लॅम्प हॅज फेल्ड यस्टरडे.'"

बकुळ फिसकन हसली. "बाळ चुकलं."

"मग तू सांग ना, बये. आई परत जाईल," आबा म्हणाले.

हसू जिरलं. बकुळ विचार करत बोलू लागली, "'हॅज' म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ (झालेली गोष्ट, पण आत्ताला चिकटलेली). त्यांना वाटलं, दिवा अजून बंदच."

"पण मराठीत 'काल बिघडलाय' चालतं," बंबू म्हणाला.

"मराठीत चालतं रे. इंग्रजीत 'यस्टरडे' म्हटलं की गोष्ट कालच्या घरात बंद. तिथे साधा भूतकाळ (घडलं नि संपलं). 'द लॅम्प फेल्ड यस्टरडे.'"

"आणि मग आबांनी केलेली दुरुस्ती?" बंबूनं विचारलं.

"तिचा उजेड आत्ता पडलाय ना? मग 'वी हॅव रिपेअर्ड इट.'"

"यान येण्याआधीच केली होती म्हणायचं असेल तर?"

"जुन्याच्या आधीचं जुनं. पूर्ण भूतकाळ. तिथे 'हॅड'."

आबा गुणगुणले,

"गेलं ते गेलं, बोलावं साधं,
हाती जे उरलं, 'हॅव'ला बांध.
मागच्याही मागं घडलं होतं,
'हॅड'शी त्याचं जुनं नातं."

बंबू खुर्चीवरून उठला. बकुळ ऐटीत बसली आणि दोन्ही वाक्यं स्वच्छ बोलली. रेडिओ खरखरला. यान उतरू लागलं.

आईनं आत येताच विचारलं, "निरोप कुणाचा गं?"

"माझा."

बंबू दाराशी उभा राहून खुर्चीकडे बघत होता. ते बघणं बकुळच्या चांगलंच ओळखीचं होतं. ती थोडी बाजूला सरकली.

"ये, अर्ध्यावर टेक. उद्या मंगळाहून यान येतंय. बोलायचं तू, चुका मी काढणार."

"सगळ्या?" बंबूनं विचारलं.

"सगळ्या," ती म्हणाली, आणि आणखी थोडी सरकली.