पदरावरचं सुकाणू

उज्ज्वलाने जहाजाचं सुकाणू साडीच्या पदराला चिकटवलं, तेव्हा ते सुकाणू आहे हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. ज्याने सांगायचं, तो वरच्या खोलीत पलंगाखाली डोकं घालून बसला होता.

सुरतेच्या गोडादऱ्यात त्यांच्या ओट्यावर रोज सकाळी साड्यांचं काम चालायचं. गमचा ठिपका ठेवायचा, मेण लावलेल्या काडीच्या टोकाने टिकली उचलायची, ठिपक्यावर अलगद बसवायची. सहा वर्षांत उज्ज्वलाची एकही साडी मार्केटमधून परत आली नव्हती, आणि ही गोष्ट गल्लीतल्या सगळ्या बायकांना पाठ होती, कारण ती विसरू देत नव्हती. त्या दिवशी ताटलीत एक निराळीच टिकली दिसली. मुगाच्या डाळीएवढी, गोल, आतून कोरलेली, केसासारख्या बारीक आऱ्यांची. शेठने नवा माल टाकला वाटतं, असं म्हणून तिने ती पदरावरच्या सगळ्यात मोठ्या फुलाच्या मधोमध बसवली. मान तिरकी करून पाहिलं. वा! फूल नुसतं उठून दिसत होतं.

तेवढ्यात जिन्यावरून एक माणूस उतरला. उतरला कसला, बसत-बसत, एकेक पायरी हाताने चाचपत आला. सकाळचे दहा वाजलेले, आणि याच्या हातात बॅटरी!

हा वरच्या खोलीतला नवा भाडेकरू हेमराज. येऊन आठच दिवस झाले होते.

"ताई, जरा पाय उचलता?"

"कशाला?"

"खाली बघायचंय."

"काय हरवलं?"

"चाक."

"सायकलचं?"

"नाही... जहाजाचं."

उज्ज्वलाने काडी खाली ठेवली. "मग इथं कशाला शोधता? तापी तिकडं आहे."

तो हसला नाही. त्याची नजर तिच्या मांडीवरच्या पदरावर खिळली होती. एखाद्या पोरीच्या पदराकडे असं टक लावून बघणारा माणूस गोडादऱ्यात दोन मिनिटं उभा राहत नाही. पण याच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं.

"ते बघा... माझं चाक."

"ही टिकली आहे."

"आठ आरे आहेत. मोजा."

तिने मोजले. आठच होते. हा मेला खरं बोलत होता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

दारात तूर निवडत बसलेल्या सुभद्राबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, सूप बाजूला ठेवलं आणि आधी महत्त्वाचं विचारून घेतलं. "कोनता गाव तुना, भाऊ?"

"अमळनेरकडचा, मावशी."

"कोनाना पोऱ्या?"

त्याने बापाचं नाव सांगितलं. सुभद्राबाईंनी मनातल्या मनात दोन लग्नं आणि एक बारसं आठवून त्याचं घर शोधून काढलं आणि परत सूप हातात घेतलं.

मग हेमराजने सगळं सांगितलं. तो ज्या एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात मशीन चालवायचा, तो मालकाने कडोदऱ्याला हलवला आणि निम्मी माणसं काढली. मोठा भाऊ वाल्मिक सिल्वासाला दोऱ्याच्या कंपनीत होता. त्याने तिथे जागा धरून ठेवली होती. पण हेमराजला लहानपणापासून एकच वेड, बारीक जहाजं जोडायचं. वेसूला स्वातीबेन नावाच्या बाईंचं वर्कशॉप होतं. मोठमोठ्या कंपन्यांच्या ऑफिसात काचेच्या पेटीत ठेवायला तिथे अशी जहाजं बनत. बेनने एक खोकं हातात देऊन सांगितलं होतं, रविवारी जोडून आणा, आवडलं तर सोमवारपासून कामाला या.

"आणि नाही आवडलं तर?"

"शुक्रवारी सिल्वासा."

"मग दुसरं चाक लावा की."

"दुसरं नसतं. पितळेचा एकच पत्रा येतो, त्यातच सगळं कोरलेलं असतं. शिड्या, कठडे, चाक. ब्लेडने एकेक सोडवायचं. मी सोडवलं, चिमट्यात धरलं, आणि ते... टिंग... उडालं. खिडकी उघडीच होती."

"टिंग," उज्ज्वला म्हणाली. तिने कपाळाला हात लावला. पण उठली. पदराच्या उलट्या बाजूने गरम इस्त्री धरली, गम मऊ झाला, आणि काडीच्या टोकाने चाक असं उचललं की साडीला ओरखडा नाही. तिथे लाल खडा बसवून टाकला.

"घ्या. आणि ताई म्हणू नका. मी तुमच्याहून लहान असेन."

"थँक्यू, ता... थँक्यू." त्याने चाक चिमट्यात धरलं. इतक्या जोरात धरलं, की त्याची पोळी दुमडावी तशी घडी झाली.

दोघंही त्या घडीकडे बघत राहिले.

"आण इकडे!" उज्ज्वला ओरडली. अहो-जाहो तिथेच संपलं.

वर जाऊन तिने त्याचा संसार पाहिला आणि तिचा जीव जळला. टेबलावर हातभर लांब राखाडी जहाज, अजून बोडकं. पितळेचा पत्रा कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ, आणि त्यात मुंगीने चढाव्यात अशा शिड्या. आणि हा शहाणा तो पत्रा ठेवून कापत होता वहीवर! खाली मऊ असलं की ब्लेड दाबलं जातं, तुकडा वाकतो आणि उडतो, एवढं याला कळू नये?

"काच नाही घरात? फरशीचा तुकडा?"

"आहे."

"मग वही कशाला?"

"वहीवर... सवय."

"सवय!"

तिचे वडील हिलाल आता हयात नव्हते, पण त्यांनी वीस वर्षं जरीच्या कारखान्यात काढली होती. तार लाल तापवल्याशिवाय ती ऐकत नाही, हे ती पोर असल्यापासून ऐकत आलेली. तिने ते दुमडलेलं चाक सांडशीत धरून गॅसच्या ज्योतीवर नेलं.

"जाळलंस!" हेमराजने डोळे मिटले.

सुभद्राबाई धापा टाकत वर आल्या होत्या. लेक परक्या खोलीत गेली म्हणजे आई दारात असायचीच. "काय करी राहिनी वं?"

"पितळ मऊ करते, आई."

चाक काळपट झालं, निवलं, आणि मग काचेवर नखाने दाबताच मुकाट सरळ झालं. आठही आरे जागेवर. हेमराजने एक डोळा उघडला. मग दुसरा. मग तो चाकाकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघू लागला.

"माझ्याकडे काय बघतोस? कामाकडे बघ!"

तेव्हापासून रोज साड्यांचं काम उरकलं की उज्ज्वला वर. सुभद्राबाई उंबऱ्यात, कधी तूर, कधी मेथी, कधी नुसतीच जपमाळ. हेमराज नकाशा वाचायचा, कारण तो सगळा इंग्रजीत, आणि उज्ज्वलाची शाळा सातवीतच सुटलेली. "सत्तावीस नंबर, डाव्या बाजूचा कठडा, दोनदा वाकवायचा," तो सांगायचा, आणि ती दाढीचं ब्लेड लावून पट्टीच्या काठावर कठडा बरोब्बर काटकोनात वळवायची. रंग मात्र त्याचा. गंजाचा एक ओघळ तो असा काढायचा, की लोखंड खरंच पंचवीस वर्षं खाऱ्या पाण्यात भिजलंय असं वाटावं. हे तिने मनात कबूल केलं. तोंडाने कशाला करायचं?

बाकी तो माणूस म्हणजे डोक्याला ताप. तिने नेलेल्या चहात त्याने ब्रश बुडवून धुतला, आणि वर तोच चहा प्यायला.

"अरे, निळा झालाय तो!"

"तू आणला होतास... टाकवेना."

याला काय बोलायचं? ती तोंड फिरवून कठड्याला लागली, आणि तो कठडा त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या हातून वाकडा बसला.

एकदा तो शिंकला आणि शिडी गेली. आता गेली म्हणजे गेली, असं म्हणून तो फरशीवर आडवा झाला. उज्ज्वलाने खालून कणकेचा गोळा आणला आणि सगळ्या जमिनीवरून फिरवला. गोळ्याला शिडी चिकटून आली. मोहरीचे तीन दाणेही आले, आणि सुभद्राबाईंची दोन महिन्यांपूर्वी हरवलेली नाकातली चमकीसुद्धा.

"मनी चमकी तुना घरमा कशी?" सुभद्राबाई म्हणाल्या.

"तेव्हा खोली रिकामी होती, आई. तूच झाडायला यायचीस."

हेमराज जमिनीवर पडल्या पडल्या हसत सुटला, आणि त्याचं हसणं ऐकून उज्ज्वलालाही हसू फुटलं. तिला स्वतःचाच राग आला.

शनिवारी चाक बसवायचं होतं, सगळ्यात शेवटी, कप्तानाच्या खोलीत. ऑक्टोबरचा उकाडा, आणि पंखा बंद, कारण वाऱ्याने तुकडे उडतात. त्यात शेजारच्या गाळ्यातले लूम, म्हणजे यंत्रमाग, दिवसभर खटाखट, टेबलासकट सगळं हलायचं. पाळी बदलताना दहा मिनिटं लूम थांबत. त्या दहा मिनिटांची दोघं वाट बघत बसले. लूम थांबले. गल्ली एकदम रिकामी वाटली.

त्याने दोन्ही हातांनी जहाज धरलं होतं. तिच्या काडीच्या टोकाला चाक होतं.

"श्वास धर," ती म्हणाली.

त्याने धरला. तिनेही. दोघांची डोकी एका मुठीच्या अंतरावर. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब जमला, लोंबला, आणि आता पडणार तो नेमका डेकवर...

तिने डाव्या हाताने ओढणीचं टोक त्याच्या नाकाला लावलं. उजव्या हाताने चाक बसवलं. हात हलला नाही. छाती मात्र हलली.

"उज्ज्वला..."

"बोलू नकोस. गम ओला आहे."

"गम सुकल्यावर बोलू?"

"बोल."

गम सुकला. लूम परत सुरू झाले. हेमराजने तोंड उघडलं, आणि त्या खटाखटीत म्हणाला, "पंखा लावू?"

इतका संताप उज्ज्वलाला आयुष्यात कोणाचा आला नव्हता.

रविवारी तो जहाज खोक्यात घालून, रिक्षात मांडीवर घेऊन वेसूला गेला. उज्ज्वलाने ओट्यावर साडी पसरली आणि हिरव्या खड्यांच्या जागी लाल बसवत गेली. अर्धा पदर झाल्यावर तिच्या लक्षात आलं. ते उचकटत बसली. परत लालच बसवले.

दुपारी तो आला. चेहरा असा उजळलेला, जणू हळद लागलीय.

"पास!"

"झालास?" तिने साडी बाजूला सारली.

"जहाज पास. स्वातीबेनने भिंग लावून कठडे पाहिले. म्हणाल्या, असा हात मी वीस वर्षांत पाहिला नाही. हा कोणाचा?"

"मग?"

"मी म्हटलं, उज्ज्वलाचा."

"...आणि?"

"तुला सोमवारपासून बोलावलंय!"

"आणि तुला?"

"माझे रंग चांगले आहेत म्हणाल्या. जागा एकच आहे. पुढे कधी लागलं तर कळवतील."

उज्ज्वला उभी राहिली. ओट्यावरच्या टिकल्यांची ताटली तिच्या पायाने लवंडली, तरी तिने पाहिलं नाही.

"अरे गाढवा, 'माझा हात' म्हणायला काय झालं होतं?"

"खोटं कसं बोलू? आणि सोमवारी त्यांनी पत्रा पुढे ठेवला असता तर? टिंग..." तो हसला. मग हसू हळूहळू ओसरलं. "तुझं काम होतं, उज्ज्वला. तुझं नाव घेतल्याशिवाय मला राहवलं नाही."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी... सिल्वासा."

हे ऐकून एखादी रडली असती. उज्ज्वला रडली नाही. स्वतःच्या हाताने आपली नोकरी दुसऱ्याला देऊन, वर पेढे वाटायला निघालेल्या माणसापुढे रडून काय होणार? तिने हात पुढे केला.

"फोन दे. बेनचा नंबर लाव. आणि आवाज मोठा कर, मला लपवून काही करायचं नाही."

स्वातीबेनने फोन उचलला. उज्ज्वला सुरतेतच जन्मलेली, गुजराती तिला तोंडपाठ. पण रागाच्या भरात अर्धी मराठीच निघाली.

"बेन, मी उज्ज्वला. कठडेवाली. मी येते. पण मला नकाशा वाचता येत नाही. तो वाचतो, मी वळवते. मी लावते, तो रंगवतो. एकाला घेतलंत तर तुमचं जहाज अर्धंच होईल. दोघं येऊ, पहिला महिना एका पगारात."

मग स्वातीबेनचा आवाज आला, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा, "ए तमारा कोण थाय?"

म्हणजे, हा तुमचा कोण लागतो?

आता आली का पंचाईत! भाडेकरू म्हणावं, तर भाडेकरूसाठी कोण अर्धा पगार सोडतं? भाऊ म्हणावं, तर जीभ झडेल. उज्ज्वलाने हेमराजकडे पाहिलं. तो तोंड उघडं टाकून उभा. शनिवारी गम सुकला तेव्हा बोलला नाही, तो आता काय बोलणार? म्हणजे सगळं आपणच करायचं. पत्रा आपणच वळवायचा, शिडी आपणच शोधायची, आणि हेसुद्धा...

"मारा घरवाळा थवाना छे," ती म्हणाली. माझा होणारा नवरा आहे.

सुभद्राबाईंच्या हातातलं सूप कललं, आणि तूर ओट्यावरून खाली सांडत गेली.

"तो बन्ने आवो," म्हणजे मग दोघंही या, असं म्हणून स्वातीबेनने फोन ठेवून दिला.

उज्ज्वलाचे कान तापले होते. "काय बघतोस? तुझ्यासारखी मला खऱ्याची हौस नाही. काम होण्यासाठी बोलले. हे खोटं ठेवायचं तर ठेव. शुक्रवारची गाडी आहेच."

"माले कोनी ईचारं का?" सुभद्राबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "घर मनं, पोर मनी, आन ठरावनारी ती वेसूनी बाई?"

हेमराजने फोन हातात घेतला. या वेळी त्याच्या हातून काही सटकलं नाही.

"मावशी, वाल्मिकभाऊला फोन लावू?"

"कसाले?"

"मी येत नाही म्हणून सांगायला..." तो उज्ज्वलाकडे वळला, आणि लूम खटाखट चालू असतानाही सगळ्यांना ऐकू येईल असं मोठ्याने म्हणाला, "आणि तुम्ही इकडे या, बोलणी करायला, म्हणून."

"झालं एकदाचं!" उज्ज्वला म्हणाली, आणि सांडलेली तूर भरायला खाली बसली, म्हणजे तिचं तोंड कोणाला दिसू नये.