आधी तांदळाचं दळण

भिलाईतल्या सुपेल्याच्या चक्कीवर त्या रविवारी मी रांग मोडली, हे खरं. पण समोरचा माणूस इतका निवांत उभा होता, की त्याच्या पुढे जायचा मोह कुणालाही झाला असता.

चक्कीवाल्यानं नुकतीच चक्की उघडून ब्रशनं झाडली होती. मी गव्हाचा डबा पुढे सरकवला आणि गोड हसले.

"भैया, पहले मेरा कर दो ना. घर में मेहमान हैं."

मेहमान कसले! आई-बाबा आणि मी. पण गहू वर ओतलासुद्धा गेला. त्या माणसानं आपली तांदळाची पिशवी उचलली आणि मुकाट्यानं निघाला.

"अहो, थांबा ना जी! आत्ता होते माझं."

"नको. पुढच्या रविवारी येतो."

"एवढा राग?"

"राग नाही जी... गव्हाच्या मागून माझा तांदूळ चालत नाही."

"लय नखरेल आहे तुमचा तांदूळ!"

तो हसला. त्याच्या भुवयांवर पीठ उडालं होतं आणि ते त्याला ठाऊकच नव्हतं. पुसावंसं वाटलं... माझंच मला नवल वाटलं.

त्याचं नाव पराग. वडील दुर्गला रेल्वेत गार्ड होते, तो स्वतः सिग्नलच्या खात्यात. पुढचे रविवार मी मुद्दाम लवकर जाऊ लागले आणि त्याला पहिला नंबर देऊ लागले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलं नाही. दळण कधीच आटोपलेलं असायचं, आम्ही मात्र गरम डबे हातात धरून उभेच.

एका रविवारी मी डब्याचं झाकण चक्कीवर विसरले आणि ते द्यायला तो थेट आमच्या क्वार्टरवर आला. बाबा खूश झाले. आईनं गरम पुऱ्या आणल्या. पराग एकदम आक्रसला.

"नको काका... मी बाहेर कुठंच खात नाही." आणि पाण्याचा ग्लास यायच्या आत उठून गेलासुद्धा.

बाबांनी ती ताटली स्वतः आत नेऊन ठेवली.

"आपल्या घरचं नसन चालत त्याले," ते म्हणाले.

रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. विदर्भातल्या त्यांच्या गावी लहानपणी त्यांना ओंजळीत वरून पाणी घालत. ते सोडून ते भिलाईला आले, प्लांटमध्ये उभं आयुष्य काढलं, आणि आता निवृत्तीच्या तोंडावर पुन्हा तीच ओंजळ! त्या दिवशी मी जेवले नाही. परागचा मला संताप आला होता, आणि संताप येण्याइतका तो मला आवडतो, याचा तर त्याहून जास्त.

पुढच्या रविवारी मी त्याला चक्कीबाहेर गाठलं. "कावून नाही खाल्लं आमच्या घरी?"

तो खूप वेळ पिशवीची गाठ सोडत आणि बांधत राहिला.

"गहू खाल्ला की माझं आतडं बिघडते. कणभर पीठ लागलं तरी. आजार आहे... जन्मभराचा. एका ठिकाणी लग्नाचं जमलं होतं, हे सांगितलं अन् मोडलं. तवापासून सांगतच नाही कोणाले. गर्विष्ठ म्हणतात, म्हणू दे. बिमार तर नाही म्हणत."

"माझ्या बाबाले काय वाटलं, माहीत आहे तुले?"

मी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"मी... हा विचारच नाही केला."

"तुले कधी करावा लागला नाही ना."

बोलून गेले आणि डोळे भरून आले. त्यानं पिशवी खाली ठेवली. "येऊन माफी मागू का काकाची?"

"माफी नको. जेवायले ये."

बाबांच्या निवृत्तीचा कार्यक्रम जवळ आला होता. नागपूर-गोंदियाकडचे सगळे नातेवाईक येणार होते. घरी मी सारं सांगितलं. आई म्हणाली, "सगळ्याइले कचोऱ्या मागवू, त्याच्यापुरतं वेगळ्या ताटात काही करून ठेवू."

"नाही," बाबा म्हणाले. "या घरात वेगळं ताट निघत नाही. करायचं तं सगळ्याइले एकच."

मग ठरला फरा, इकडचा तांदळाच्या पिठाचा पदार्थ. धानाच्या मुलखात तांदळाचं काय अप्रूप. कचोऱ्यांपेक्षा पुष्कळ स्वस्तात काम झालं. पीठ परागनंच आणलं, झाडलेल्या चक्कीवरचं, पहिलं. त्यात मऊ भात कुस्करून मी मळलं, आणि आम्ही दोघांनी बोटाएवढ्या लांबट वळकट्या केल्या. त्याच्या वाकड्याच व्हायच्या.

"रेल्वेचे रूळ असेच टाकता का रे?"

"तू समोर बसली की सिग्नल चुकते."

आईनं फोडणीसाठी हिंगाची डबी उघडली तसा मी तिचा हात धरला. त्या हिंगातही गव्हाचं पीठ असतं. मग तीळ, मोहरी, कढीपत्ता आणि हिरवी मिरची. वाफवलेले फरे त्यात पडले आणि घर घमघमलं.

पाहुण्यांनी खोली गच्च भरली होती. बाबांनी परागला शेजारी बसवलं, एकच ताटली दोघांच्या मध्ये ठेवली आणि पहिला फरा उचलून त्याच्या हातावर दिला. त्यानं खाल्ला. दुसरा स्वतःच घेतला. मग घसा साफ करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"काका, मले गहू चालत नाही. बिमारी आहे माझी. म्हणून त्या दिवशी... तुमच्या घरचं मले सगळं चालते."

बाबांनी ताटली त्याच्याकडे सरकवली. "मंग खा ना बाबू. थंडा होऊन राहिला."

मी स्वयंपाकघरात पळाले, कारण मला रडू आवरेना.

त्यानंतरच्या रविवारी मी चक्कीवर त्याच्याही आधी पोचले. दोन डबे घेऊन, एक गव्हाचा, एक तांदळाचा. तो मागून येऊन उभा राहिला, हे मला न बघताच कळलं.

"पहले कौन सा, दीदी?" चक्कीवाल्यानं विचारलं.

"पहले चावल," मी म्हणाले. "घर का है."

मागे पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग कानाशी, अगदी हळू... "कोणाच्या घरचा?"

मी वळले. त्याच्या भुवईवर पीठ होतंच. या वेळी मी ते पुसलं.

"आपल्या."