टिटवी जागी झाली तेव्हा

पेनड्राइव्ह घरच्या संगणकाला लावला की त्यातली फाईल स्वच्छ दिसत होती. तोच पेनड्राइव्ह टिटवीच्या पाठीतल्या खाचेत घातला, की तिच्या छोट्या पडद्यावर नुसतंच एक चक्र गरगरत राहत होतं. असं कसं? फाईल तर आत होती! सकाळपासून कौमुदी हेच कोडं घेऊन ओटीवर बसली होती.

टिटवी ही तिच्या आबांची, डॉ. मंदार बिवलकरांची, तीन पायांची रोबो. राजापूरजवळच्या सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर) पावसाळाभर हिंडायचं, डबक्यांतल्या बेडकांचे आवाज ऐकायचे आणि कोणता आवाज कुठल्या बेडकाचा ते लक्षात ठेवायचं, हे तिचं काम. सड्याच्या उत्तर टोकाचं मोठं डबकं मध्यंतरी चिऱ्याच्या खाणीत गेलं. तिथले बेडूक पुन्हा कुणाला दिसले नाहीत. त्यांचे आवाज तेवढे टिटवीजवळ उरले होते.

आदल्या दिवशी टिटवी आपली आज्ञावली सुधारून घेत असताना मध्येच वीज गेली आणि ती बंद पडली ती पडलीच. आबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रत्नागिरीला गेले होते. ते परत येतील तेव्हा टिटवी चालत सामोरी जायला हवी, असं कौमुदीच्या मनाने घेतलं होतं. शेवटी तिने आबांना फोन लावला.

“आबा, मी कार्यप्रणालीची (यंत्राकडून सगळी कामं करून घेणाऱ्या मूळ आज्ञावलीची) फाईल उतरवून घेतली, पेनड्राइव्हमध्ये टाकली. तरी टिटवी उठत नाही हो!”

“टाकली म्हणजे? नुसती उचलून ठेवलीस?”

“हो.”

आबा हसले. “अगं, आमटीत अख्खा नारळ टाकलास तर चव येईल का? नीट ऐक. वीज मिळते त्या क्षणी टिटवीला काही म्हणजे काही येत नसतं. चालणं नाही, ऐकणं नाही. जागी असते फक्त एक इवलीशी चिप. तिला ठाऊक एवढंच, की ठरलेल्या जागी जायचं आणि तिथली पहिली आज्ञा वाचायची. ती आज्ञा पुढचीला उठवते, ती तिच्या पुढचीला. असं करत सगळी कार्यप्रणाली जागी होते. याला म्हणतात बूट होणं. तुझ्या फाईलमध्ये सगळं आहे, पण बंद आहे. चिपला ते फोडता येत नाही. फाईल उलगडून एकेक भाग ज्याच्या त्याच्या जागी लिहिणारं साधन आपल्या संगणकात आहे. ते वापर. मात्र पेनड्राइव्हवर आधीचं काही असेल तर ते पुसलं जाईल हं.”

पेनड्राइव्ह रिकामाच होता. कौमुदीने आबांनी सांगितलं तसं केलं. पण पडद्यावर अजूनही तेच चक्र गरगरत राहिलं. तिने पुन्हा फोन केला.

“बरोबर आहे,” आबा म्हणाले. “चिप आधी आतल्या डिस्ककडे जाते. तिथे अर्धवट मोडलेली कार्यप्रणाली सापडते आणि ती तिथेच अडकून पडते. पेनड्राइव्हपर्यंत पोचतच नाही. सुरू करताना बाजूचं बटण दाबून धर आणि क्रम बदल. पेनड्राइव्ह आधी, डिस्क नंतर. चल, मला आत बोलावतायत. पुढचं मी आल्यावर करू.”

क्रम बदलला आणि पडदा उजळला! कौमुदीने टाळीच वाजवली. पडद्यावर दोन पर्याय आले होते : ‘पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहा’ आणि ‘नव्याने बसवा’. बिघडलंय म्हणजे नवीनच बसवायला हवं, नाही का? तिने दुसऱ्यावर बोट ठेवलं. मग प्रश्न आला : ‘डिस्कवरील सर्व काही पुसले जाईल. पुढे जायचे?’

सर्व काही म्हणजे जे मोडलंय ते, असं तिला वाटलं. आबा ‘मी आल्यावर’ म्हणाले होते, हेही तिला आठवलं. पण इतकं जवळ येऊन थांबवेना. तिने ‘हो’ दाबलं.

थोड्या वेळाने टिटवी तिन्ही पायांवर उभी राहिली. “नमस्कार,” ती म्हणाली. “मी नवीन आहे. मला काय म्हणणार तुम्ही?”



आबा आले ते डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हलक्या आवाजात म्हणाले, “मोडली होती ती फक्त उठण्याची वाट. आठवणी जिथल्या तिथे होत्या. पेनड्राइव्हवरून नुसती चालवली असती, तर डिस्कला हात न लावता सगळं बाहेर काढून घेता आलं असतं.”

“मग आता?”

“पुसणं म्हणजे आधी फक्त अनुक्रमणिका फाडणं. पानं मागे राहतात, जोवर त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर. पण नवी कार्यप्रणाली त्याच पानांवर लिहिली गेलीय. बघू, काय उरलंय ते.”

दोघं दुसऱ्या दिवशीही शोधत बसले. पेनड्राइव्हवरून टिटवी चालवून त्यांनी डिस्कचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. काही तुटक आवाज मिळाले, पण ते कुठले आणि कुणाचे हे सांगणारं काही उरलं नव्हतं. उत्तरेच्या डबक्याचा म्हणून ओळखता येईल असा एकही नव्हता.

कौमुदीला रडू आवरेना. आबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “घाई तू केलीस, हे खरं. पण दुसरी प्रत काढून ठेवायची, आज काढू, उद्या काढू, असं मीच म्हणत राहिलो. एवढ्या मोलाची गोष्ट मी एकाच ठिकाणी ठेवली. मलाही ते कायमचं सलत राहणार, बाळ.”

संध्याकाळी टिटवी ओटीवर येऊन कौमुदीशेजारी थांबली. “माझ्या पायांवर ओरखडे आहेत,” ती म्हणाली. “मी नवीन असेन, तर ते कसे?”

खोटं सांगणं सोपं होतं. पण कौमुदीने डोळे पुसले. “तू नवीन नाहीस. तू खूप वर्षं इथे हिंडलीस, खूप काही ऐकलंस. माझ्या हातून ते पुसलं गेलं.”

टिटवीचा दिवा लुकलुकला. “सगळं परत ऐकता येईल?”

“सगळं नाही. काही आवाज आता कुठेच नाहीत.” कौमुदीने सड्याकडे बोट केलं. “पण दक्षिणेकडची डबकी अजून भरलेली आहेत.”

“मग तिथे जाऊ या,” टिटवी म्हणाली आणि पायऱ्या उतरू लागली. कौमुदीने आबांना हाक मारली, त्यांचा हात धरला आणि दगडांवरून जपून चालत तिघं सड्याच्या वाटेला लागली.