दूषित नमुना

पांढरी पेशी जिवाणूपाशी आली, अकरा सेकंद त्याला चाचपत राहिली आणि बाजूने निघून गेली. मनगटावर बांधलेल्या रक्तदर्शकामुळे हे सारं पलंगाशेजारच्या पडद्यावर दिसत होतं. जिवाणूच्या अंगावर आपल्याच पेशींवर असते तशा साखरेचं आवरण होतं. घरचा समजून पेशी त्याला सोडून देत होती.

“कोट दिसला की सलाम,” तंत्रज्ञ शमीम पुटपुटली. “अगदी आपल्या इस्पितळासारखं, ताई.”

प्रयोगशाळेची संशोधक हेमांगी टिळेकर हसली नाही. पलंगावर इस्पितळाचे प्रमुख, डॉ. मुजुमदार होते.

नऊ वर्षांपूर्वी हाच जिवाणू पहिल्यांदा तिच्या बहिणीच्या, सुलभाच्या रक्तात सापडला. अहवाल मान्य केला असता तर वॉर्ड बंद करावा लागला असता. मुजुमदारांनी शेरा मारला: नमुना प्रयोगशाळेत दूषित झाला, नष्ट करावा. वॉर्ड चालू राहिला. सुलभा गेली, तिच्यामागून आणखी पाच जण.

हेमांगीने त्या नमुन्याची एक कुपी शेऱ्यासकट जपली आणि पुढे त्यातल्या जिवाणूवर पांढऱ्या पेशी शिकवून डोस तयार केला: आधी आवरण सोलायचं, मग गिळायचं.

मुजुमदारांना जडलेला जिवाणू तोच निघाला. नवा डोस करायला चार दिवस लागत. त्यांच्या हाती एक रात्रही नव्हती. दूषित ठरलेल्या नमुन्यापासून केलेला तयार डोस मात्र नियमात बसत नव्हता. शेरा त्यांनी मागे घ्यायचा, नाहीतर हेमांगीने स्वतःच्या जबाबदारीवर सही करायची.

सकाळपासून ती त्यांना हे दोनदा सांगून आली होती. दोन्ही वेळा त्यांनी समजूत घातली, की जुनं उकरून कोणाचं भलं होत नाही, तू सही कर, माझ्यामागे ही खुर्ची तुझीच आहे.

आता ती स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसली.

“सर, शेवटचं विचारते. सुलभाचा नमुना दूषित होता?”

त्यांनी नजर छताकडे वळवली. ताप होता, पण शुद्ध पूर्ण होती.

“लिहिलंय ना मी,” ते म्हणाले. “दूषितच होता.”

शमीम डोसाच्या पिशवीची नळी जोडायला वाकली. ताई सही करणार, याबद्दल तिला शंका नव्हती; सर सांगतील तिथे ताई नऊ वर्षं सही करतच आली होती. हेमांगीने तिचं मनगट धरलं.

“मग दूषित नमुन्याचा डोस मी देणार नाही, सर. शमीम, पिशवी परत ठेव.”