चालत आलेली टोपी

"मेदेरने गाणं म्हणायचं नाही. हे कबूल असेल तरच तो येईल," शेजारच्या तंबूतल्या कुबातने बजावलं. "याच्या आवाजाने सापडलेली घोडीसुद्धा पुन्हा पळून जाईल."

मेदेर होता दहा वर्षांचा, आणि गाणं हा त्याचा जीव की प्राण. त्याने रडवेल्या चेहऱ्याने ताईकडे पाहिलं. सेझिम खोगिराचा पट्टा आवळत होती. तिने दोघांकडेही लक्ष दिलं नाही, कारण तिच्या डोक्यात दुसराच भुंगा भुणभुणत होता.

जेक्शेनकाकाची तांबडी घोडी परवापासून बेपत्ता होती. घोडी गाभण, डोंगर लांडग्यांचा. एरवी काका जेवणाचं ताट टाकून तिच्यामागे गेला असता. या उन्हाळी कुरणावर त्याच्यासारखा घोडेस्वार नाही आणि घोडी दोहण्यात तर त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण आज काका म्हणाला, पोरांनो, तुम्हीच बघून या, माझी पाठ दुखतेय. चार दिवस झाले, तो घोड्या दोहत नव्हता. ते काम त्याने कुबातच्या आईच्या गळ्यात घातलं होतं. आणि भर उन्हाळ्यात डाव्या हातात हातमोजा!

"पाठ दुखत असेल तर हातमोजा कशाला?" सेझिम म्हणाली.

कुबातचं मत तयारच होतं. काकू आजोबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या खरेदीला गावात गेलेली, तेवढ्यात काकाने लग्नाची अंगठी हरवली असणार, म्हणून तो बोटं लपवतोय. मेदेर खो खो हसला. सेझिमला हसू आलं नाही. काकाच्या तंबूत जळक्या लोकरीचा वास येत होता आणि बसायच्या नमद्याचा, म्हणजे जाड लोकरी जाजमाचा, एक कोपरा कोणीतरी कापून नेला होता. अंगठी हरवली म्हणून कोणी नमदा जाळतं का?

तिघं निघाले. बोइनोक पुढे धावत सुटला. काळाभोर कुत्रा, गळ्याभोवती पांढरा पट्टा. त्याची आई लांडग्यांनी मारली, तेव्हा सेझिमने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. त्यामुळे तो कळपाचा राखणदार असला तरी मनाने सेझिमचा होता. त्याच्या नाकावर एक ओरखडा होता. काटा लागला असेल, असं काका म्हणाला होता. सेझिमने तेव्हा ते खरं मानलं होतं.

घळीच्या तोंडाशी बोइनोक थांबला आणि गुरगुरायला लागला. त्याच्या पाठीवरचे केस ताठ उभे राहिले. कुबातने वाकून झुडपामागे पाहिलं आणि शीळ घातली. दोन काठ्यांवर ताणून वाळत घातलेलं कोल्ह्याचं कातडं! शेपूट कशी झुबकेदार, लालचुटूक.

"काय सुरेख आहे!" म्हणत मेदेरने हात पुढे केला.

सेझिमने त्याची कॉलर धरून त्याला मागे खेचलं. पोरगा चक्क बसला जमिनीवर.

"हात लावू नकोस. कुबात, तूही नाही. बोइनोक, इकडे ये."

तिला एकदम सगळं आठवलं होतं. गेल्या शरद ऋतूत गावात भरदुपारी एक कोल्हा आला आणि कुबातच्या मावशीच्या गाईला चावला. महिन्याभराने गाय पाणी पिईना, तोंडाला फेस, रात्रंदिवस हंबरडा. ती मेली, तेव्हा आरोग्यकेंद्रातल्या दामिरा आपा शाळेत आल्या होत्या. जे रानटी जनावर माणसाला भीत नाही, त्याला माणसाने भ्यावं, असं त्या म्हणाल्या होत्या. ते चावलं, ओरबाडलं, त्याची लाळ जखमेला लागली, तर साबणाने आणि वाहत्या पाण्याने जखम पाव तास धुवायची आणि तडक माझ्याकडे यायचं. पिसाळीची, म्हणजे रेबीजची, लक्षणं एकदा दिसली, की मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही. कोणाकडेच जाऊन उपयोग नाही.

हे आठवून सेझिमने बोइनोकच्या नाकावरचा ओरखडा पुन्हा पाहिला. काकाचा हातमोजा आता कोणालाच गमतीचा वाटेना.

घळीपलीकडच्या झऱ्याशी घोडी सापडली. शांतपणे चरत होती, आणि तिच्या पोटाशी लटपटत्या पायांवर एक शिंगरू उभं होतं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं. दुसरी वेळ असती तर तिघांनी नाच केला असता. कुबात म्हणाला, मी हिला हळूहळू घेऊन येतो, तुम्ही पुढे व्हा. सेझिम आणि मेदेरने घोडे पिटाळले.

काका तंबूत चहा पीत बसला होता. सेझिमने त्याला घोडीचं विचारायलाही वेळ दिला नाही. "काका, हातमोजा काढ. कातडं पाहिलंय आम्ही."

काका आधी दचकला, मग मिशीत हसला आणि त्याने हातमोजा काढला. अंगठ्यावर काळी राख थापलेली होती. त्याने सगळं सांगून टाकलं, आणि तेही बढाई मारत. आजोबांची तेबेतेय, म्हणजे त्यांची थंडीतली केसाळ टोपी, कसरीने खाल्ली होती. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला नवी द्यायची असं काकाच्या मनात होतं. आणि एका दुपारी, वस्तीवर कोणी नसताना, कोल्हा आपण होऊन समोर आला! थोडा झोकांड्या खात होता, पण पळेना. बोइनोकने झडप घातली, काकाने काठी हाणली, आणि जाता जाता कोल्ह्याचा दात अंगठ्यात घुसला. कातडं काढून राहिलेलं धड बर्फाच्या कपारीत टाकून दिलं.

"अगं, देवाने टोपी चालत पाठवली! आणि जखमेवर नमदा जाळून राख लावलीय. आपले पूर्वज हेच करत होते."

"राखेने पिसाळी जात नाही. सुई घ्यायला हवी."

"पोटात चाळीस सुया?" काकाने पोट धरलं. "माझ्या मामाला दिल्या होत्या. पोटाची चाळण झाली होती त्याच्या. मी नाही जाणार. आणि आजोबांजवळ ब्र काढलात तर याद राखा, सगळी गंमत जाईल."

सेझिमने तिला ज्याची भीती वाटत होती ते विचारलं. "बोइनोकला तरी वसंतात सुई दिली होती ना?"

"छे! जनावरांचा डॉक्टर आला, तेव्हा मी त्याला गोठ्यात कोंडून ठेवलं होतं. सुई टोचलेला कुत्रा भुंकायचं विसरतो. उगाच नाही आपला बोइनोक अख्ख्या कुरणात खणखणीत भुंकत!"

सेझिमने दाराबाहेर बसलेल्या बोइनोककडे पाहिलं. मेदेर मात्र कानापर्यंत लाल होऊन चुलीकडे बघत बसला.

निदान जखम तरी धुवायला लावू, असं म्हणून सेझिमने साबण आणि पाण्याची किटली काकासमोर आणली. पोरांची हौस म्हणून काका तयार झाला. पाव तास कसा मोजायचा? मेदेरने शाळेच्या स्नेहसंमेलनातलं लांबलचक गाणं म्हटलं, सगळी कडवी, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. ते संपेपर्यंत सेझिम पाणी ओतत राहिली. काका म्हणाला, सुईपेक्षा हे गाणं जास्त टोचतंय. पण दवाखान्याचं नाव काढताच तो पुन्हा अडून बसला.

आजोबांना सांगायचं, हे सेझिमने ठरवलंच होतं. गंमत गेली खड्ड्यात! पण आजोबांनी हुकूम सोडला की काका मान डोलवणार, घोड्यावर बसणार आणि पहिल्या टेकडीआड जाऊन झोपणार. असं त्याने कितीदा तरी केलं होतं. त्याला पळवाटच ठेवायला नको. एवढ्यात मेदेरने तोंड उघडलं, "आणि काका, घोडी..." सेझिमने त्याला असा चिमटा काढला, की बाकीचं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं.

"चल बाहेर," ती म्हणाली. तिला वाट सापडली होती.

मधल्या मैदानात आजोबा शेजाऱ्यापाजाऱ्यांबरोबर कुमिसचा वाडगा घेऊन बसले होते. घोडीच्या दुधाचं ते आंबट पेय म्हणजे काकाचा जीव, त्यामुळे तोही पाठोपाठ तिथे आला. तो टेकतो न टेकतो तोच सेझिम टेकडीवरून घोडा दौडवत आली आणि ओरडली, "सुयुंचू, काका! सुयुंचू!"

सगळे उठून उभे राहिले. सुयुंचू म्हणत कोणी आलं, की आनंदाची बातमी आणली आहे असं समजायचं. मात्र बातमी ऐकण्याआधी बक्षीस कबूल करायचं, आणि कबूल केलेलं फिरवायचं नाही. चारचौघांत सुयुंचू नाकारणाऱ्याचं तोंड कुरणावर कोणी बघत नाही.

"दिलं!" काका ओरडला. "जे मागशील ते दिलं!"

"तांबडी सापडली. शिंगरू झालंय, कपाळावर चांदणी आहे."

एकच जल्लोष झाला. तेवढ्यात कुबात घोडी आणि शिंगरू घेऊन आलाच. काकाचे डोळे भरून आले. त्याने सेझिमला मिठी मारली आणि म्हणाला, माग पोरी, कोकरू माग, हे शिंगरू माग.

"आत्ता घोड्यावर बस आणि माझ्याबरोबर दामिरा आपांकडे चल. सुई घ्यायची, सगळ्या सुया घ्यायच्या. हेच माझं सुयुंचू."

काकाचा चेहरा असा पडला, की घोडीनेसुद्धा मान वळवून पाहिलं. तो म्हणाला, शिंगरू घे गं, दोन कोकरं घे. सेझिम हलली नाही.

"कसली सुई?" आजोबांनी विचारलं.

मग लपवण्यासारखं काही उरलंच नाही. सेझिमने कोल्हा, अंगठा, राख, सगळं सांगितलं. आजोबांनी आपली कसर लागलेली टोपी मागवून घेतली, गुडघ्यावर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवला.

"जेक्शेन," ते म्हणाले, "या टोपीत माझे पुष्कळ हिवाळे निघाले, अजूनही निघतील. तुझ्यावाचून एकही निघायचा नाही."

काका मुकाट्याने घोड्यावर बसला. शेजारी सेझिम, मागे कुबात आणि मेदेर. पळवाट नव्हतीच.

आरोग्यकेंद्रात काकाने डोळे मिटले, सदरा वर केला आणि पोट पुढे काढून उभा राहिला.

"पोट झाका, दंड दाखवा," दामिरा आपा म्हणाल्या. "चाळीस सुयांचे दिवस गेले. आता मोजक्या, त्याही दंडात. जखमेभोवती मात्र एक औषध टोचावं लागेल, ते झोंबेल." त्यांनी जखम पुन्हा धुतली आणि जिल्ह्याच्या दवाखान्याला फोन केला. जीप औषध घेऊन येईपर्यंत त्यांनी काकाला धारेवर धरलं. चार दिवस का थांबलात? राख काय देव आहे? काका शाळकरी पोरासारखा खाली मान घालून बसला होता. शेवटी त्याने हळूच विचारलं, कुमिस चालेल ना? आपा म्हणाल्या, प्या, पण हात साबणाने धुऊन. मग त्या सेझिमकडे वळल्या. "वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं मी. तू लक्षात ठेवलंस. तुझ्यामुळे हा माणूस वेळेत आला."

सेझिमला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. जनावरांचे डॉक्टर इसाक त्यांच्याबरोबर कुरणावर आले, रबरी हातमोजे घालून त्यांनी कातडं आणि बर्फातलं धड तपासणीसाठी पिशवीत बांधलं, आणि मग बोइनोककडे बघून विचारलं, याला वसंतात लस दिली होती का? काका जमिनीकडे पाहायला लागला. लस न घेतलेला कुत्रा पिसाळलेल्या कोल्ह्याशी झुंजला, तर त्याचं बहुधा काय करावं लागतं, हे सेझिमला माहीत होतं. तिने बोइनोकच्या गळ्याला मिठी मारली.

"दिली होती," मेदेर पुटपुटला.

सगळे त्याच्याकडे वळले. त्याने खिशात हात घातला आणि मळकट रुमालात गुंडाळलेला एक पिवळा बिल्ला बाहेर काढला. "शाळेच्या पटांगणात सगळी मुलं आपापले कुत्रे घेऊन आली होती. मीही गोठ्याच्या खिडकीतून बोइनोकला काढून नेलं. काका रागावेल म्हणून बिल्ला पट्ट्याला लावलाच नाही."

डॉक्टरांनी बिल्ला उलटसुलट करून पाहिला. "यंदाचाच आहे. आणि आठवलास तू! मी सुई देत होतो, तेव्हा कुत्र्याच्या कानात गाणं म्हणणारा. मी म्हटलं, कुत्रा सुईने नाही, गाण्याने विव्हळतोय." त्यांनी तिथल्या तिथे बोइनोकला आणखी एक सुई दिली. आता दीड महिना याला बांधून ठेवा, नीट लक्ष ठेवा, बहुतेक काही होणार नाही, असं ते म्हणाले.

"पण हा तर भुंकतो!" काका चक्रावून म्हणाला.

बोइनोक नेमका तेव्हाच भुंकला, आणि इतका खणखणीत, की शिंगरू आईच्या पोटाखाली शिरलं. दुसऱ्या दिवशी कुरणावरचे झाडून सगळे कुत्रे डॉक्टरांसमोर रांगेत होते. तपासणीत कोल्हा पिसाळलेलाच निघाला, आणि त्यानंतर कोणीही राखेचं नाव काढलं नाही.

आजोबांचा वाढदिवस थाटात झाला. तोवर काकाच्या सुया संपल्या होत्या, बोइनोक टुणटुणीत होता. आजोबा जुनीच टोपी घालून बसले होते. त्यांच्यासमोर रिवाजाप्रमाणे बकऱ्याचं शिजवलेलं डोकं आलं. त्यातला कान दरवर्षी मेदेरला मिळायचा, कारण कान लहानांना द्यायचा असतो, म्हणजे ती मोठ्यांचं ऐकायला शिकतात. मेदेरने कंटाळून हात पुढे केलाच होता.

आजोबांनी त्याला जिभेचा तुकडा दिला. "गात राहा," ते म्हणाले. कुबातने कपाळावर हात मारला. सेझिमला त्यांनी डोळा दिला, तो ज्याला दिसतं त्याला देतात. कुबातला घोडी सुखरूप आणल्याबद्दल गालाचं मांस मिळालं. मग आजोबांनी दोन्ही कान सावकाश कापले, ताटलीत नीट मांडले आणि ताटली भरल्या पंगतीतून जेक्शेनकाकापुढे सरकवली.

"दोन्ही तुझे," ते म्हणाले. "पोरं सांगतात ते ऐकायला शीक."

काकाने पोरांकडे पाहिलं, लाल झालेले स्वतःचे कान चाचपले, आणि ताटलीतले दोन्ही कान निमूटपणे खाऊन टाकले.