रिकाम्या नोंदी

बायको जाऊन सात महिने झाले, तेव्हा कुठे भानुदास वाघमोड्यांना परभणीच्या स्मृतिकोशाचं बोलावणं आलं. रांगच तेवढी असते. साठी उलटलेल्या बहुतेकांच्या डोक्यात हल्ली नोंदजाळी बसवलेली असते. केसाहून बारीक तारांची ही जाळी माणूस जे पाहतो, ऐकतो, मनात आणतो ते टिपत राहते. माणूस गेला की ते सगळं कोशात जमा होतं. पण नुसतं जमा होऊन उपयोग नाही, कारण प्रत्येक मेंदूची लिपी वेगळी. म्हणून कोश आणि ऐकणारा यांच्यामध्ये एक दुभाषी प्रणाली बसवावी लागते. कोशातले लोक तिला ड्रायव्हर म्हणतात.

"गाडी नाही अन् ड्रायव्हर कशाला?" भानुदासांनी विचारलं.

कोशातल्या डॉ. रेहाना तांबोळी हसल्या. "हा बोलणं पोचवतो, काका. फक्त पत्ता आणि किल्ली तुम्ही स्वतः भरायची. मी त्या कापडी पडद्यापलीकडे बसते. नवराबायकोचं बोलणं आम्ही ऐकायचं नाही, असा नियम आहे."

भानुदासांना एकच गोष्ट ऐकायची होती. सुगंधा गेली त्या दुपारी दवाखान्यात सिस्टरने त्यांच्या हातात एक फॉर्म दिला आणि खाली खिडकीवर पाठवलं. भानुदासांनी नगरपालिकेच्या पंपघरात एकतीस वर्षं काढलेली. हातात कागद आला की एक रकाना रिकामा सोडायचा नाही, हा स्वभावच. पूर्वीचे आजार, आईकडचे आजार, वडिलांकडचे आजार, सगळं आठवून आठवून लिहिलं. चाळीस मिनिटं गेली. वर आले तेव्हा तिच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

त्या चाळीस मिनिटांत तिने हाक मारली होती का? सात महिने घास घशात अडकत होता तो याच प्रश्नापाशी.

त्यांनी कपाळाला पट्टी बांधली. समोरच्या पडद्यावर पहिला रकाना आला : जोडणीचं नाव. त्यांनी लिहिलं, सुगंधा. मग पत्ता, तो पत्रात दिलेला आकडा. मग किल्ली. सुगंधाने आधीच ठरवून ठेवलेली, दोघांच्या ओळखीची खूण. त्यांनी लग्नातल्या उखाण्याची ओळ लिहिली. पडद्यावर लाल अक्षरं उमटली : जुळत नाही.

"तीन वेळा चुकलं तर वर्षभर बंद होतं, काका," पलीकडून आवाज आला. "घाई नको. काकूंनी किल्ली ठेवताना त्यांना काय आठवलं असेल?"

भानुदासांनी सासुरवाडीच्या गावाचं नाव लिहिलं. पुन्हा लाल. शेवटी लिहिलं, 'पाणी आलं का?' रोज ड्यूटीवरून आल्यावर दारातच ती हे विचारायची, पंप चालवणाऱ्याची बायको असून. हिरवं झालं.

"आता तिसरं पान येईल. तिथे काही हलवू नका. नुसतं 'जोडणी तपासा' दाबा."

तिसऱ्या पानावर एक रकाना होता : रिकाम्या नोंदींचं काय करायचं? पुढे आधीच निवडलेलं होतं, 'रिकाम्या ठेवा'. त्याखाली दुसरा पर्याय, 'अंदाजाने भरा'.

पंपघरात दर तासाला रजिस्टरमध्ये दाब लिहावा लागे. एखादा तास हुकला तर भानुदास मागचा आणि पुढचा आकडा बघत, मधला अंदाजाने लिहून टाकत. सुगंधा चिडवायची, "नाही बघितलं तर नाही बघितलं असं लिहा की! पाणी काय तुमच्या आकड्याला विचारून येतंय?"

रिकामी नोंद त्यांना बघवली नाही. त्यांनी खालचा पर्याय निवडला आणि बटण दाबलं.

"अहो," सुगंधा म्हणाली. अगदी कानाशी.

त्यांनी ती दुपार मागितली. ती म्हणाली, "तुम्ही खाली गेलात तेव्हा मला झोप लागत होती. हाक कशाला मारू? फॉर्म नीट भरून या म्हटलं मनात."

भानुदास हमसून हमसून रडले. पडदा सरकला आणि तांबोळीबाई आत आल्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"काका, तुम्ही तिसऱ्या पानावर काही बदललंत? माझ्याकडे एकोणीस हजार नोंदी लिहिल्या गेल्याचं दिसतंय. तुम्ही फक्त वाचायला आला होतात."

"रिकाम्या होत्या त्या भरा म्हटलं."

बाई समोरच्या खुर्चीवर बसल्या. "तो पर्याय जिवंत रुग्णांसाठी आहे. झटका येऊन आठवणी पुसल्या गेल्या की घरच्यांच्या आठवणींतून त्या भरतात, आणि कायमच्या लिहितात. इथे कपाळावरच्या पट्टीतून तुमच्याच आठवणी भरल्या गेल्या. नुसती ती दुपार नाही, जिथे जिथे फट होती तिथे."

"म्हणजे हे ती बोलली नाही?"

"तुमच्या मनातली ती बोलली."

"पण तिथे तर काहीच नव्हतं ना? रिकामंच होतं."

"रिकामं म्हणजे आजच्या ड्रायव्हरला वाचता न आलेलं. फार क्षीण असेल. दोन-चार वर्षांनी नवा ड्रायव्हर आला असता तर कदाचित ऐकू आलं असतं. आता त्यावर तुमचं लिहिलं गेलंय." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "जोडणी उघडी आहे तोवर मागे घेता येईल. सहा मिनिटं आहेत. डावीकडे 'बदल रद्द' आहे. ते तुम्हीच दाबायचं."

त्या पडद्यापलीकडे गेल्या. भानुदासांनी बोट बटणावर नेलं. दाबलं की ती दुपार पुन्हा मुकी होणार. आणि दोन-चार वर्षांनी कुणीतरी ती वाचणार. त्यात काय निघेल? 'अहो, कुठे आहात?' असं निघालं तर?

पाच मिनिटं. तीन.

"अहो, राहू द्या ना," सुगंधा म्हणाली.

ही इच्छा कुणाची ते त्यांना पक्कं कळत होतं. त्यांनी बोट मागे घेतलं. वेळ संपली, जोडणी बंद झाली. त्या रात्री ते सात महिन्यांनी पोटभर जेवले.

आठ दिवसांनी मुलगी शीतल कोचीहून आली आणि आईला ऐकायला कोशात गेली. तासाभराने बाहेर आली. रिक्षात बसल्यावर भानुदासांनी विचारलं, "काय म्हणाली आई?"

"छान बोलली. खूप गोड." शीतल बाहेर बघत राहिली. "पण बाबा, ती मला सारखी 'बाळासाहेब' म्हणत होती. तसं तुम्ही म्हणता. आई मला चिमे म्हणायची. एकदाही म्हणाली नाही."

भानुदासांनी डोळे मिटले. सुगंधा 'चिमे' कशी म्हणायची ते मनातल्या मनात ऐकून पाहिलं. शब्द आला. आवाज त्यांचा स्वतःचा होता.