समूचे तीन टाके

कपाळावर रक्ताने माखलेला रुमाल धरलेल्या सहा वर्षांच्या समृद्धीला कडेवर घेऊन एक खाकी कपड्यांतला कंडक्टर ठाण्यात खोपटच्या एका छोट्या दवाखान्यात शिरला. सिस्टर संचिताने मान वर केली, आणि बघते तर — प्रीतम! पाच महिन्यांपूर्वी डोंबिवलीला तिला बघायला आलेला, बशीभर पोहे संपवून एक शब्दही न बोलता गेलेला प्रीतम. तिने नकार कळवला होता. दुसरं काय करणार?

"भाची माझी... झोपाळ्यावरून पडली," तो खाली बघत म्हणाला. "काही दुखणार नाही हां, समू."

"खोटं नका सांगू तिला," संचिता फटकन बोलली. एकदा फसवलेलं मूल पुढच्या वेळी दारातच भोकाड पसरतं, हे तिने कितीदा पाहिलं होतं. "समू, या जेलने जागा बधिर होईल. मग टाके घालताना थोडं ओढल्यासारखं वाटेल. मामाच्या मांडीवरच बसायचं, कोणी दाबून धरणार नाही. आणि इथे सगळ्यांनी खरंच बोलायचं. मामाला हवं ते विचार तू."

अर्ध्या तासाने डॉक्टरांनी सुई उचलली. समूचे डोळे भरून आले. संचिताने तिची बोटं हातात घेतली. "विचार ना गं."

"मामा... तू लग्न का नाही करत?"

"एक मुलगी बघायला गेलेलो. एवढी आवडली, की घाबरून तोंडच उघडलं नाही. दिवसभर गाडीत ओरडतो मी, आणि तिथे — मुका! मग नकार आला."

"वेडी आहे का ती?"

पहिला टाका पडला होता. समूला पत्ताही नव्हता.

संचिताचे कान तापले. गप्प बसणं सोपं होतं, पण नियम तिनेच घातलेला. "वेडीच," ती हळूच म्हणाली. "तिला वाटलं, तीच आवडली नाही. फार लागलं तिला ते."

प्रीतमने झटकन मान वर केली. डॉक्टर हसू दाबत म्हणाले, "मामा, तुम्ही हलू नका."

तिसरा टाका झाला, पट्टी लागली. दाराशी प्रीतम थबकला. "संचिता, मी... रविवारी... म्हणजे..."

पुन्हा तेच! पण आता तिला त्या अडखळण्याचं प्रेमच वाटलं. "रविवारी मीच येते, तुमच्या गाडीला. तिथे तरी बोलाल ना?"

"बोलेन!" तो म्हणाला, इतक्या मोठ्याने की बाहेर बाकावर बसलेले पेशंट वळून बघायला लागले.